विहीर शाळेहून मोठी

आक्षेपक : सातवीच्या मुलांकडून नाईल नदीची लांबी, मंगोलियाची राजधानी आणि सात खंडांची क्षेत्रफळाच्या उतरत्या क्रमाने नावे घोकून घेण्यात आपण जो काळ घालवता, त्याचे समर्थन करणे मला आता कठीण वाटू लागले आहे. एके काळी या माहितीला मोल होते, कारण ती मिळवणे कष्टाचे होते. नकाशासंग्रह गावात एखाद्या वकिलाच्या नाहीतर डॉक्टरांच्या घरी असे, आणि शाळेतला जगाचा कापडी नकाशा वार्षिक तपासणीच्या आदल्या दिवशी तेवढा कपाटातून बाहेर निघे. मी ज्या शाळेत शिकलो तेथे तो इतकी वर्षे घडी घालून ठेवलेला होता, की एकदा उलगडताना घडीवरच फाटला आणि आफ्रिकेचा पश्चिम किनारा आमच्या वर्गाला पुढे कधी दिसलाच नाही. आज ती वानवा उरलेली नाही. ज्या घरात एक मोबाइल आहे त्या घरातल्या मुलाला उलानबातर कोठे आहे हे बोट लावताच दिसते, आणि परगावी गेल्यावर डावीकडे वळावे की उजवीकडे, हेही तेच यंत्र सांगते. अशा स्थितीत बारा वर्षांच्या मुलाच्या स्मरणशक्तीवर राजधान्यांचे ओझे लादणे म्हणजे गरज संपलेला शिरस्ता केवळ शिरस्ता म्हणून चालू ठेवणे होय.

समर्थक : घोकंपट्टीची वकिली मी करणार नाही, पण मोबाइलने नकाशाची गरज संपवली, हे मात्र मला मान्य नाही. त्या यंत्रावरचा निळा ठिपका आपण पाहिला असेल. पाहणारा जाईल तेथे तो ठिपका जातो आणि सारे जग त्याच्या भोवती सरकते. आपण कोठे आहोत हा प्रश्न त्या मुलाला कधी पडतच नाही, कारण तो सुटलेलाच त्याच्या हाती येतो. कागदावरच्या नकाशात तसे नसते. तेथे मुलाला प्रथम स्वतःला शोधावे लागते, उत्तर दिशा ठरवावी लागते, नकाशा फिरवून भूमीशी जुळवून घ्यावा लागतो; आणि हे करताना आपण जगाच्या मध्यभागी नाही, हे त्याला न सांगता उमगते. बारा-तेरा वर्षांच्या वयात याहून मोठे शिक्षण मला माहीत नाही.

नावांविषयी म्हणाल, तर नाव ही खुंटी आहे. खुंटीलाच कोणी अलंकार समजू नये, पण भिंतीत खुंटीच नसेल तर ऐकलेली, वाचलेली गोष्ट अडकवायची कोठे? मार्च २०२१ मध्ये चारशे मीटर लांबीचे एक मालवाहू जहाज सुएझ कालव्यात आडवे रुतले आणि सहा दिवस ती वाट बंद राहिली. वर्तमानपत्रांत ती बातमी सगळ्यांनी वाचली. ज्या मुलाच्या मनात तांबडा समुद्र, भूमध्य समुद्र आणि आफ्रिकेचे दक्षिण टोक आपापल्या जागी होते, त्याला काही जहाजे आफ्रिकेला वळसा घालून का निघाली हे कोणी समजावून द्यावे लागले नाही. इतरांना ती एका अडकलेल्या जहाजाची बातमी वाटली, आणि तेवढ्यावरच राहिली.

आक्षेपक : सुएझचे मी मान्य करतो, कारण तेथे नावाच्या मागे एक कारण उभे आहे. पण वर्गात कारण क्वचितच उभे राहते. नकाशातली चिन्हे व खुणा, अक्षांश-रेखांश, प्रमाण, हे सारे व्याख्यांच्या रूपाने येते आणि व्याख्यांच्या रूपानेच उत्तरपत्रिकेत परत जाते. ‘बृहत्प्रमाण नकाशा म्हणजे काय’ हे बिनचूक लिहिणाऱ्या मुलासमोर जगाचा आणि तालुक्याचा असे दोन नकाशे ठेवा आणि बृहत्प्रमाण कोणता ते विचारा. तो जगाच्या नकाशावर बोट ठेवील, कारण ‘बृहत्’ म्हणजे मोठे आणि जग मोठे. लहान मुलखाचा नकाशा बृहत्प्रमाण का ठरतो, हे त्याला कधी हाताने करून पाहायला मिळालेले नसते.

समर्थक : आपले रोगनिदान अचूक आहे, उपाय मात्र आपण अवयव कापण्याचा सुचवता. कोल्हापूर ज्या अक्षांशावर आहे, जवळजवळ त्याच अक्षांशावर, सुमारे १६.७ अंश उत्तरेस, आफ्रिकेतले टिंबक्टू आहे. अक्षांश शिकवायचा तो येथे शिकवावा. मुलांना सांगावे की सूर्य दोन्ही गावांवर सारखाच तळपतो. मग एकीकडे उसाचे मळे आणि दुसरीकडे सहारा वाळवंटाची कड, असे का? मुले उत्तर शोधू लागतात. कोणी म्हणतो समुद्र जवळ आहे. कोणी म्हणतो सह्याद्री आहे. कोणी नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचे नाव घेतो. मग त्याच नकाशात टिंबक्टूपासून गिनीच्या आखातापर्यंतचे अंतर प्रमाणपट्टीने मोजावे, आणि ते हजार किलोमीटरांहून अधिक भरले की तिकडून येणारे पावसाळी वारे एवढी जमीन ओलांडताना कसे रिते होत जातात, हे वर्गातच कोणीतरी बोलून दाखवतो. एका अक्षवृत्ताच्या आधाराने प्रमाण, पर्वत, वारा आणि पीक असे चारही धडे एकत्र आले, आणि व्याख्या एकही लिहून द्यावी लागली नाही.

आक्षेपक : आणि ज्या नकाशावर आपण हे सारे दाखवता तो भिंतीवरचा नकाशा तरी खरा आहे काय? बहुतेक शाळांच्या भिंतींवर ग्रीनलंड आफ्रिकेएवढे दिसते. वस्तुतः आफ्रिका खंड सुमारे तीन कोटी चौरस किलोमीटरांचा आणि ग्रीनलंड सुमारे बावीस लाखांचे, म्हणजे आपल्या भारताहूनही लहान. चौदा ग्रीनलंडे आफ्रिकेत मावतील. सहावीपासून दहावीपर्यंत पाच वर्षे रोज डोळ्यांसमोर टांगलेली प्रतिमा एका तासाच्या दुरुस्तीने पुसली जात नाही. उष्ण कटिबंधातील देश लहान आणि उत्तरेकडील देश विशाल, असा एक अबोल समज मुलाच्या मनात घर करतो. आपला देशही त्या आक्रसलेल्यांतच येतो. जे चुकीचे आहे ते आधी शिकवायचे आणि मग त्याची चूक दाखवायची, यापेक्षा ते न शिकवणे काय वाईट?

समर्थक : कारण चूक नसलेला जगाचा नकाशा अस्तित्वातच नाही, आणि हे मुलांना समजणे म्हणजेच नकाशा समजणे. मी वर्गात एक नारळ नेतो आणि वर्तमानपत्राचा एक कागद. मुलांना सांगतो, या नारळाला हा कागद एकही चुणी न पडता गुंडाळून दाखवा. सारी मुले प्रयत्न करतात. मधल्या फुगवट्यावर कागद नीट बसतो, पण शेंडीकडे आणि बुडाकडे चुण्यांवर चुण्या पडतात. कापावे तर कागद उणा पडतो, न कापावे तर जास्त होतो. मग विचारतो, आता उलट करा. नारळाची पाठ कागदावर सपाट पसरायची, तर शेंडीकडच्या भागाचे काय होईल? ‘ताणावा लागेल,’ असे उत्तर येते. ग्रीनलंड का फुगले, हे तेवढ्याने कळते.

त्याच तासाला मी आणखी एक गोष्ट करतो. पृथ्वीगोलावर मुंबई आणि न्यूयॉर्क यांच्यामध्ये एक दोरा घट्ट ताणून धरतो. भिंतीवरच्या नकाशावर हीच दोन गावे पट्टीने जोडली तर रेघ अरबस्तान आणि उत्तर आफ्रिका यांवरून जाते. दोरा मात्र रशियावरून नॉर्वेकडे, तेथून आइसलंडवरून ग्रीनलंडच्या दक्षिण टोकापाशी जातो. मुलांचा विश्वास बसत नाही. एकाने एकदा दोरा हाती घेऊन अरबस्तानावरून ओढून पाहिला, आणि तो बोटभर कमी पडला. त्या बोटभर अंतराकडे तो मुलगा किती वेळ पाहत होता! मर्केटरने १५६९ मध्ये आपला नकाशा काढला तो खलाशांसाठी. होकायंत्राची एक दिशा धरून चालणाऱ्या जहाजाचा मार्ग कागदावर सरळ रेघेत यावा, एवढे त्याला हवे होते, आणि ते त्याने साधले. त्याचे काम चुकले नाही. आपण ते भलत्या कामास लावले.

आक्षेपक : हे उत्तर मला पटते, आणि त्यामुळेच माझा खरा आक्षेप आता पुढे येतो. नारळ आणि दोरा या गोष्टी मुलाच्या हातात होत्या. आपला जुना क्रमही तोच आहे ना? प्रथम शाळेचे आवार, मग गाव, जिल्हा, राज्य, देश आणि शेवटी जग. परिचिताकडून अपरिचिताकडे. पण हा क्रम मला मुलाच्या मनाचा वाटत नाही. तो दप्तराचा क्रम वाटतो. सात वर्षांच्या मुलाला तालुक्याच्या चतुःसीमेत रस नसतो. त्याला बर्फावर उभे असलेले पेंग्विन आणि ज्वालामुखी हवे असतात. आपण त्याला जिल्ह्यातील बाजारपेठा देतो, आणि जगाकडे वळतो तेव्हा त्याचे ते कुतूहल थंड पडलेले असते.

समर्थक : पेंग्विन अवश्य दाखवावेत. पण नकाशा काढणे हे निराळे काम आहे. ते जेथे पाय पोचतात तेथेच शिकता येते. मी मुलांना शाळेचे आवार पावलांनी मोजायला लावतो. तेहतीस फुटांची दोरी करून एक गुंठा आखतो. तेहतीस गुणिले तेहतीस, म्हणजे एक हजार एकोणनव्वद चौरस फूट. शेतकऱ्यांच्या मुलांना गुंठा हा शब्द जन्मापासून ठाऊक असतो, पण तो पायांखाली उलगडलेला त्यांनी पाहिलेला नसतो. असे चाळीस गुंठे म्हणजे एकर, हे ऐकून ती आवाराकडे निराळ्या डोळ्यांनी पाहू लागतात. मग प्रत्येकाने वस्तीचा नकाशा काढायचा. गेल्या वर्षी एका मुलीने काढलेल्या नकाशात विहीर शाळेहून मोठी होती. काठावरचे दगड एकेक करून काढलेले, रहाट काढलेला, घरापासून विहिरीपर्यंतची पायवाट जाड रेघेने गिरवलेली. आणि शाळा कोपऱ्यात, आगपेटीएवढी. ती दिवसातून तीन वेळा पाणी आणते. मला वाटले, हिनेही मर्केटरने केले तेच केले.

आक्षेपक : नाही, येथे मी आपल्याला अडवतो. मर्केटरला ग्रीनलंड प्रिय नव्हते. ते वाढले गणिताने, कोन राखण्याची किंमत म्हणून. त्या मुलीची विहीर वाढली ती डोक्यावरच्या हंड्याने. एक विकृती नियमाने होते, म्हणून ती उलटी मोजून काढता येते. दुसरी जगण्यातून येते, आणि ती मोजून काढली तर नकाशा शुद्ध होतो खरा, पण त्यातली मुलगी नाहीशी होते. या दोन्हींना एकच नाव देणे मला धोक्याचे वाटते.

आणि आपण ज्या गावनकाशाला परिचित म्हणता, तोही कोणी गावाला गाव कळावे म्हणून काढलेला नाही. कंपनी सरकारच्या अमलात इंदापूर तालुक्यात १८३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी जी मोजणी व जमाबंदी सुरू केली, तिचा हेतू शेतसारा मुक्रर करणे हा होता. म्हणून त्या परंपरेतल्या नकाशात बांध आहेत, हद्दीचे दगड आहेत, ओढे आहेत. विहीरही एका लहान वर्तुळाने दाखवलेली असते. त्या विहिरीवर कोणाला पाणी भरू देत आणि कोणाला नाही, याची खूण सूचीत नसते. महाडचे चवदार तळे कोणत्याही नकाशात निळ्या रंगाचा एक ठिपका आहे. २० मार्च १९२७ रोजी डॉक्टर आंबेडकरांनी तेथे ओंजळीने पाणी घेतले, तेव्हा त्या ठिपक्याभोवती नकाशाने कधी न काढलेली एक सरहद्द होती हे जगाला दिसले. मुलाला आपण सूची वाचायला शिकवतो. सूचीत जे नाही ते वाचायला कोण शिकवणार?

समर्थक : ही दुरुस्ती मी मनापासून स्वीकारतो. विहिरीचा तो भेद माझ्या ध्यानात आला नव्हता. पण मग आपला निष्कर्ष काय? नकाशावर अविश्वास शिकवावा?

आक्षेपक : तेच मला ठरवता येत नाही. वस्तीचा नकाशा मूल पायांनी पडताळू शकते. जगाचा नकाशा कोणत्या पायांनी पडताळणार? तेथे आपण त्याला सांगतो, ‘असे आहे’, आणि ते मानते. सहावीपर्यंत जे मूल मोजत होते ते त्यानंतर केवळ मानू लागते. या दोहोंच्या मधल्या दरीवर आपल्या अभ्यासक्रमात पूल नाही.

समर्थक : पूल आहे, तो आपण बांधत नाही, एवढेच. २०-२१ मार्चच्या सुमारास, दिवस आणि रात्र समान असताना, कोल्हापूरच्या शाळेने एक मीटर उंचीची काठी ओळंब्याने उभी करावी आणि दुपारची सर्वांत आखूड सावली मोजावी. ती सुमारे तीस सेंटिमीटर भरेल. त्याच दिवशी नागपूरच्या शाळेतही तेच करावे. तेथे ती सुमारे एकोणचाळीस भरेल. अलेक्झांड्रियाच्या एरॅटोस्थेनिसने बावीसशे वर्षांपूर्वी सावलीच्याच आधारे वर्तुळाचा पन्नासावा भाग शोधून पृथ्वीचा परीघ काढला होता. आपल्या मुलांना तो नऊ सेंटिमीटरांत सापडेल.

आक्षेपक : नऊ सेंटिमीटरांत पृथ्वीचा गोलपणा सापडत नाही. पृथ्वी सपाट आणि सूर्य जवळ आहे असे मानले, तरी दोन गावांच्या सावल्या निरनिराळ्या पडतीलच. एरॅटोस्थेनिसने सूर्यकिरण समांतर धरले होते. दोन शाळा पुरणार नाहीत, तिसरी हवी. दिल्लीस त्या दिवशी सावली साडेचोपन्न सेंटिमीटरांच्या जवळपास पडेल. भूमी सपाट असती, तर कोल्हापूरच्या मापावरून हिशेब केल्यास ती एक्कावन्नच्या आसपास पडायला हवी होती. जे काही सिद्ध होईल ते त्या तीन-साडेतीन सेंटिमीटरांत. आणि तेथेच माझा प्रश्न पुन्हा उभा राहतो, कारण कोल्हापूरच्या मुलाने दिल्लीची सावली पाहिलेली नाही. न पाहिलेल्या एका मुलाने काठी नीट उभी केली होती, पट्टी नीट धरली होती आणि आकडा खरा लिहिला होता, असे त्याला मानावे लागते.

समर्थक : होय, मानावे लागते. पण हे मानणे आणि पुस्तकात छापले म्हणून मानणे, यांत अंतर आहे. कोल्हापूरच्या मुलाने स्वतः काठी धरलेली असते. ओळंबा हलला तर आकडा कसा बिघडतो, ढग आला तर किती वेळ थांबावे लागते, हे त्याच्या हातांना माहीत असते. म्हणून दिल्लीच्या मुलाला काय विचारावे, हेही त्याला माहीत असते. जगाचा नकाशा अशाच मानण्यांचा बनलेला आहे. १८०२ मध्ये मद्रासेजवळ पहिली आधाररेषा मोजून लॅम्बटनने त्रिकोणामागून त्रिकोण जोडत भारताची मोजणी उत्तरेकडे आणली, आणि १८२३ मध्ये आपल्या हिंगणघाटास त्याचा देह पडला; त्याची कबर तेथे आहे. पुढच्यांनी त्याचे आकडे घेऊनच काम चालू ठेवले. तिबेटात परक्यांना मज्जाव होता, तेव्हा कुमाऊंच्या नैनसिंह रावतांनी यात्रेकरूच्या वेषात तो प्रदेश पावलांनी मोजला. जपमाळेत एकशे आठांऐवजी शंभरच मणी ठेवले होते, आणि दर शंभर पावलांना एक मणी ओढला जाई. १८६६ च्या जानेवारीत ते ल्हासाला पोचले. ल्हासाची जागा जगाच्या नकाशावर नीट बसली ती त्या पावलांच्या आधारे. माझ्या वर्गातली मुले आवार मोजतात तेव्हा मी त्यांना ही माळ सांगतो. जगाचा नकाशाही कोणीतरी चालून काढलेला आहे, हे त्यांना तेव्हा प्रथम कळते.

आक्षेपक : त्या माळेने मी हेलावतो, हे कबूल करतो. तरीही पाहा, नैनसिंहांची पावले मोजणी खात्याच्या कामी आली, आणि ते खाते ज्या सत्तेचे होते तिला तिबेटची वाट हवी होती. त्यांची पावले खरी होती; त्या पावलांची गरज दुसऱ्याची होती. मुलाला आपण पावलांवर विश्वास ठेवायला शिकवाल, ते योग्यच. पण गरज कोणाची होती हे विचारायलाही त्याच तासाला शिकवाल काय? की बारा वर्षांच्या मनाला दोन्ही एकदम पेलणार नाहीत? आधी विश्वास दिला तर शंका उशिरा येते, आणि आधी शंका दिली तर मूल काठी उभी करण्याचे कष्टच घेत नाही. मी दोन्ही प्रकारची मुले पाहिली आहेत.

समर्थक : मीही पाहिली आहेत. माझा कल अजूनही काठी आधी देण्याकडे आहे. हात गुंतले की प्रश्न आपोआप येतात, असा माझा अनुभव आहे. पण तो सगळ्याच मुलांचा अनुभव आहे, असे मी म्हणू शकणार नाही.

आक्षेपक : मग एवढेच सांगा. विहीर मोठी काढणाऱ्या त्या मुलीच्या नकाशाला आपण किती गुण दिलेत? प्रमाण चुकले म्हणून कापलेत, की पायवाट खरी म्हणून दिलेत?

समर्थक : दिलेच नाहीत. तो कागद अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. बाकीच्यांचे परत केले. तिचा ठेवून घेतला. दोन-तीनदा तांबडी पेन्सिल हातात घेऊन बसलो. एकदा शाळेपासून विहिरीपर्यंतचे अंतर मी स्वतः पावलांनी मोजून आलो, आणि ते तिच्या कागदावर बरोबर होते. अंतर बरोबर आणि आकार चूक. तिला बोलावून विचारावे असे मनात आहे. पण काय विचारावे, ते अजून ठरत नाही.